परत आलेले अंक

आमच्या घरी टपाल दोनच प्रकारचं यायचं. वाचकांची पत्रं आणि परत आलेले अंक. पत्रं कमी होत गेली तसे अंक वाढत गेले.

बाबा त्रैमासिक काढायचे. चाळीस पानांचं, पातळ कागदाचं. मोर्चात ओळख झालेली, पोलिसांच्या गाडीत शेजारी बसलेली माणसं त्यात लिहायची. गुलमंडीमागच्या गल्लीतल्या छापखान्यातून गठ्ठे रिक्षानं पुंडलिकनगरला आमच्या घरी यायचे आणि आम्ही दोघं हॉलमध्ये सतरंजी टाकून बसायचो. बाबा अंकाला कागदाची पट्टी गुंडाळून खळ लावायचे, मी पट्टीवर पत्ता लिहायचे. त्यांची नजर अधू झाल्यापासून हे काम माझ्याकडे आलं होतं. माझं अक्षर चांगलं आहे. पत्ते लिहायचे, अंक वाचायचे नाही.

इंग्रजी शाळेत मला बाबांनीच घातलं होतं. वडील काय करतात असं मैत्रिणींनी विचारलं की मी ‘प्रिंटिंग’ म्हणून विषय बदलायचे. मराठी वाचता यायचं, पण कवितेत मी अडखळायचे आणि ते घरात कळू नये असं वाटायचं. त्यापेक्षा न वाचणं सोपं होतं.

परत आलेल्या अंकावर पोस्टमनचा शेरा असायचा, ‘मालक मयत, सबब परत’. पहिल्यांदा बाबा हसले होते. “जन्मभर मालकांच्या विरोधात लिहीत आला बिचारा, आणि पोस्टानं त्यालाच मालक करून टाकला.” मग त्यांनी चष्मा काढून ठेवला. त्या दिवशी जेवले नाहीत. पुढं दर वेळी तसंच व्हायला लागलं. आई गेली, त्यानंतर बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, आणि मला ते बघवेना. माझं काम घरूनच चालायचं. एके दुपारी मी पोस्टमनकाकांना गेटवरच गाठलं आणि सांगितलं, परत आलेलं माझ्या हातात द्या. ते अंक मी कपाटात शाळेच्या स्वेटरखाली ठेवू लागले. बाबांना वाटायचं, सगळे वाचताहेत.

फुलंब्रीच्या पुढं एका खेड्यात बाबांचे सगळ्यात जुने मित्र राहायचे. शाळेत मास्तर होते आणि कविता करायचे. मी त्यांना मास्तरकाका म्हणायचे. प्रत्येक अंकानंतर त्यांचं कार्ड ठरलेलं. छपाईच्या चुकांची यादी, आणि शेवटी ‘डोळे गहाण टाकलेस का रे?’ बाबा ते मोठ्यानं वाचून मलाही ऐकवायचे.

हिवाळ्यातल्या अंकानंतर कार्ड आलं नाही. अंक आला, तोच शेरा घेऊन. मी तो स्वेटरखाली सरकवला. संध्याकाळी सांगू म्हटलं, मग रविवारी. पुढच्या अंकाच्या वेळी बाबा पट्ट्या चाळून बघतील म्हणून मी मास्तरकाकांचा पत्ता पुन्हा लिहिला. तो अंक पोस्टात न टाकता कपाटात ठेवला.

“दोन अंक झाले, कार्ड नाही,” बाबा एका सकाळी म्हणाले. “मागं त्याची कविता राहिली ना छापायची, रुसलं असंल येडं. चल, नवा अंक हातानंच देऊ. काढ स्कूटी.”

मी स्कूटी काढली. हर्सूलच्या तुरुंगाशी बाबांनी नेहमीप्रमाणे मागून माझा खांदा दाबला. आंदोलनात दोघं इथं एकाच बराकीत होते. मास्तरकाकांनी तिथल्या भिंतीवर कोळशानं कविता लिहिली होती आणि ती पुसली जायच्या आधी सगळ्या बराकीनं पाठ केली होती. त्रैमासिकाच्या पहिल्या अंकात पहिल्या पानावर तीच छापली होती. ही गोष्ट मला तोंडपाठ होती, पण कविता मी कधी वाचली नव्हती.

वाटेत चौका गावाला चहासाठी थांबलो. तिथं सांगायचं असं मी सावंगीपासून ठरवत आले होते. बाबा बशीत चहा ओतून फुंकत होते. “गेल्या गेल्या आधी त्याला शिव्या घालणार. मग अंक.” मी ग्लास खाली ठेवला. “बाबा,” मी म्हणाले, आणि त्यांनी वर बघितलं. “निघायचं का?” मी विचारलं.

मास्तरकाकांच्या घरी दार काकूंनी उघडलं. बाबांनी अंक पुढं धरला. “कुठंय मास्तर? म्हणावं, पेपर तपासायला आलाय.”

काकूंनी अंक घेतला नाही. “आता आलात व्हय भाऊ?”

आत भिंतीवर हार घातलेला फोटो होता. बाबांनी तो बघितला आणि दाराची चौकट धरली.

“मला कळलं नाही,” ते म्हणाले.

“असं कसं? फोन लागंना तुमचा, म्हणून मीच पोस्टमनला म्हणलं, अंक ठिवू नको, शेरा मारून परत धाड, म्हंजी भाऊला कळंल. महिन्यानं शोकसभा ठिवली. लई वाट पाह्यली तुमची. माईकवाला निघाला व्हता, त्याला धरून बसवला. भिंतीवरची कविता भाऊच म्हणंल, दुसऱ्या कुणाला म्हणू देऊ नका, असं हे सांगून गेले व्हते.”

“अंक आलाच नाही,” बाबा म्हणाले.

“आला होता,” मी म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. पत्ता ओळखीचा असून घर सापडू नये, तसं. मग चपला काढून ते आत गेले, फोटोसमोर उभे राहिले आणि कविता म्हणू लागले. दुसऱ्या कडव्यात अडकले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडकले. त्यांनी मागं वळून पाहिलं. काकूंना येत नव्हती. मला येत नव्हती. पहिला अंक आमच्या हॉलच्या मांडणीवर लहानपणापासून माझ्या हाताशी होता.

परतीच्या वाटेवर आम्ही कुठं थांबलो नाही. घरी आल्यावर बाबा म्हणाले, “बाकीचे काढ.” मी स्वेटरखालचे सगळे अंक सतरंजीवर आणून ठेवले. ते प्रत्येक पट्टी डोळ्यांजवळ धरून नाव वाचत होते. मी शेजारी बसले होते, पत्ते लिहायला बसायचे तशीच.

पुढच्या अंकात त्यांनी मास्तरकाकांवर लिहिलं. मजकुराखाली चार ओळींची जागा सोडली. “इतका उशीर का झाला, ते तू लिही,” एवढंच म्हणाले. मी रोज लिहून खोडत राहिले. छापखान्यातून दोनदा फोन आला. शेवटी ती जागा तशीच कोरी छापली गेली. बाबांनी कागद उलटून बघितला आणि पट्टी गुंडाळली. त्यानंतर त्यांच्याकडून अंक निघाला नाही.

त्या शेवटच्या अंकावर मास्तरकाकांच्या पत्त्याला मी काकूंचं नाव घातलं होतं. तो अंक परत आला नाही. कार्डही आलं नाही.