खोगीरभरतीचे कूळ विचारत कुरवंड्याला

एका शब्दापायी मी कॉलेज सोडले. निबंधात ‘पोबारा केला’ असे लिहिले होते. प्रोफेसरांनी ते भर वर्गात वाचून ‘ही बाजारी भाषा’ म्हणून हशा पिकवला, तेव्हा वही त्यांच्या टेबलावर आपटून मी चालता झालो. तेव्हापासून असले बाजारी शब्द नि त्यांची कुळे गोळा करतो. पोबारा म्हणजे सोंगट्यांच्या डावातले भाग्याचे दान. ते पडले की सोंगटी सुसाट पळते.

पण लोणावळ्याला निघालो तो सरूसाठी. सरू कुरवंड्याची, लोणावळ्याच्या बाजारात दही विकायला येई; तिथेच आमची ओळख झाली. उन्हाळ्यात मागणी घालायला गेलो तर तिचे वडील गणूआबा घोडीला खरारा करता करता म्हणाले, “कालिज सोडल्यालं पोर म्हंजी निस्ती खोगीरभरती. आदी कायतरी हो, मग ये.” मी भडकलो. “पुन्हा या उंबऱ्याला पाय लावणार नाही!” असे ओरडून पुण्याला आलो. तिकडे कुणाला ठावठिकाणा कळवला नाही. पावसाळ्यात तापाची साथ आली, तीही खोलीत कुढत काढली. आता छापखान्यात मुद्रिते तपासायची नोकरी लागली, तेव्हा आईला पत्र टाकून, शपथ गिळून निघालो.

जाणाऱ्यांनी सकाळचीच गाडी धरावी. तिसऱ्या वर्गाला काही आणे पडतात, आणि मळवलीला लोहगड-विसापूर उन्हात दिसतात. कामशेतला दोन शेतकरी चढले.

“तुज्या सोयऱ्यानं गाशा गुंडाळला म्हनं?”

“व्हय. घरात चार हुती, दोन ऱ्हायली. मंग कुनासाटी ऱ्हायाचं तितं?”

गाशा म्हणजे जिनावरचे कापड. मुक्काम हलवताना स्वार ते गुंडाळी. हे मी तिथेच वहीत टिपले. तेव्हा लाज वाटली नाही, आता वाटते.

लोणावळ्यात स्टेशनाबाहेर चहा आणि कांद्याची भजी बरी मिळतात. बाजाराच्या टोकाला रहीमचाचा साहेबलोकांच्या घोड्यांची खोगिरे दुरुस्त करीत बसतात. आबांनी मारलेल्या शब्दाचे कूळ यांनाच ठाऊक असणार.

“चाचा, खोगीरभरती म्हणजे नक्की काय?”

“ही काय!” त्यांनी एका खोगिराची शिवण उसवली. आत गवत, लोकर, चिंध्या. “वरनं कातडं झ्याक, आत कुनाचंबी कायबी कोंबल्यालं. म्हून बिनकामाच्या मानसाला लोक तसं म्हनत्यात. पन भरती काढा, घोड्याची पाठ सोलून निगंल.”

“मग ती शिवी कशी?”

“शिवी देनाऱ्यानं कवा खोगीर शिवलंय व्हय?”

मी हसलो. चाचांनी शेजारचे गाठोडे ओढले आणि एक हिरवे लुगडे टराटरा फाडू लागले. चांगले, धड लुगडे.

“हे कुणाचे?”

“कुरवंड्याच्या गनूआबाच्या पोरीचं. साथीत गेली. दुसरं कुनी नेसायचं न्हाई, आन जाळाया त्याचा हात धजंना. म्हनला, माज्याच घोडीच्या खोगिरात भर.”

“कोणती पोर?”

“एकच हुती की.”

लोणावळ्याहून कुरवंडे पायी दीड-दोन तासांचे. वाटेत चढ आहे, पाणी बरोबर घ्यावे. गवत पिवळे पडले होते, कितीतरी घरांना बाहेरून कड्या होत्या. एवढेच आठवते.

आबा ओट्यावर होते. मला वाटले, हाकलतील. ते सरकले आणि जागा करून दिली.

“दोनदा इचारलं तिनं,” ते म्हणाले. “त्यो रागावल्याला आला का, म्हून.”

“तुम्ही काय सांगितलेत?”

“न्हाई म्हनलो. मानूस धाडनार हुतो तुज्याकडं. पन धाडायचा कुटं?”

आबांनी चहा आणवला. तो निवून गेला.

गावाच्या पलीकडे नागफणीचा कडा आहे. तिथून कोकण दिसते म्हणतात, लोक मुद्दाम जातात. तुम्हीही जा. मी गेलो नाही.

परतताना तळेगावला उतरून इंदुरीवरून चालत सुदुंबऱ्याला, घरी आलो. आईने विचारले, “जमलं का रं?” मी सांगितले. तिने पदर तोंडात धरला.

शब्दांची वही अजून आहे. तिच्यात खोगीरभरतीचा अर्थ लिहायचा राहिला आहे, आणि मी तो लिहिणार नाही. दुसऱ्या दिवशी आबांना पोस्टकार्ड लिहायला बसलो. मजकूर सुचेना. शेवटी नुसता माझा पत्ता लिहून ते पेटीत टाकले.