दहावे अक्षर

आरमोरीहून एका जुन्या विद्यार्थ्याचे कार्ड आले. धान कसे झाले, शाळेत कोण नवे आले, असे सगळे लिहून झाल्यावर खाली उरलेल्या जागेत बारीक अक्षरात त्याने घातले होते, ‘सोमाजी विणकर हिवतापाने गेले. आपल्या ओळखीचे होते, म्हणून कळवतो.’ बायकोने विचारले, “कोण गेलं?” मी म्हणालो, “होता एक ओळखीचा विणकर.” आणि कार्ड खिशात घातले. त्याला आता महिना होऊन गेला. तेव्हाही मला खरे सांगता आले नाही...

पाचेक वर्षांपूर्वी मी आरमोरीच्या शाळेत मराठी शिकवत होतो. सोमाजी कोशाचे, म्हणजे रानरेशमाचे, कापड विणायचा आणि गावच्या दंडारीच्या नाचगाण्यात ढोलकी वाजवायचा. शिक्षण चौथीपर्यंत, पण अक्षर छापल्यासारखे. एकदा मी वर्गात वृत्ते शिकवत असताना तो खिडकीबाहेर थांबून ऐकत होता. शाळा सुटल्यावर पुढे आला. “गुरुजी, हे लघु-गुरू मले शिकवता काय?” मला गंमत वाटली. रोज संध्याकाळी तो माझ्या खोलीवर येऊ लागला. भुजंगप्रयात मी त्याला पाटीवर आखून दाखवले. आधी एक लघु, मग दोन गुरू, असे चार वेळा, म्हणजे ओळीत बारा अक्षरे. मी पेन्सिलीने खुणा करत असे. तो डोळे मिटून गुडघ्यावर बोटे आपटत बसे. महिनाभरात कुठलीही ओळ एकदा ऐकली की तिचे वृत्त तो सांगू लागला. मला पाटी लागायचीच. एकदा हसून म्हणाला, “तुमी मोजून राह्यले गुरुजी, मी ऐकून राह्यलो.” मीही हसलो. पण ते मनात कुठेतरी टोचून राहिले, हे आज कबूल करतो.

त्याच सुमारास शाळेत विणकाम शिकवायला माणूस नेमायचे ठरले. हेडमास्तरांच्या मनात सोमाजीच होता. पावसाळ्यात सूत ओले होऊन त्याचा माग महिना-महिना बंद पडायचा. घरात दोन मुली. त्या नोकरीवर त्याचा किती जीव होता, हे त्याने मला एकट्यालाच सांगितले होते.

तपासणीसाठी मोठे साहेब येणार म्हणून स्वागताचे पद्य करायचे काम माझ्याकडे आले. मी भुजंगप्रयातात चार श्लोक केले आणि सुंदर अक्षरात उतरवायला सोमाजीकडे दिले. आदल्या दिवशी तो कागद घेऊन आला. “गुरुजी, एका ठिकानी अडते. ‘अरण्यात या दीप विद्येचा लावा’. ह्यातला ‘चा’ जड पडते. तिथी हलकं अक्षर पायजे.” मी अक्षरे मोजली. बारा भरली. तो भीत भीत म्हणाला, “‘अरण्यात या ज्ञानदीपा उजाळा’ केलं तं?” दहावे अक्षर लघु हवे होते आणि मी तिथे गुरू घातले होते. त्याचे म्हणणे बरोबर आहे, हे मला त्याच क्षणी कळले होते. तरी मी म्हणालो, “सोमाजी, तुम्ही उतरवायचं काम करा. आहे तसं.”

त्याने आहे तसे उतरवले.

दुसऱ्या दिवशी मुले त्याच कागदावरून पाहून गाऊ लागली. ढोलकीवर सोमाजीच होता. त्या ओळीवर निम्म्या मुलांनी ‘चा’ ओढला, निम्म्यांनी ‘च’ म्हणून तोडला, आणि सगळा सूर कोसळला. मागे कोणीतरी फिसकन हसले. साहेब स्वतः कवितेतले जाणकार होते. त्यांनी कागद मागवला, ओळीवर बोट ठेवले. “इथे वृत्त मोडलंय. कोणाची रचना?” हेडमास्तर माझ्याकडे पाहू लागले. माझ्या तोंडून निघाले, “साहेब, उतरवणाऱ्याच्या हातून चूक झाली. मूळ ओळ निराळी आहे.”

“कोणती?”

आणि मी ती म्हणून दाखवली. ‘अरण्यात या ज्ञानदीपा उजाळा.’ साहेब खूश झाले. “वा! कोणी उतरवलं हे?” सोमाजीने ढोलकी खाली ठेवली. क्षणभर माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली. “माह्याच हातून झालं साहेब,” तो म्हणाला.

विणकामाची जागा दुसऱ्याला मिळाली. हेडमास्तर म्हणाले, “समोरचं पाहून जो नीट उतरवत नाही, तो मुलांना काय शिकवणार?” मी तिथेच उभा होतो. एक वाक्य बोललो असतो तर पुरले असते. पुढे तो रस्त्यात भेटला की “नमस्कार गुरुजी” म्हणून थांबायचा, माझ्या मुलांची चौकशी करायचा. खोलीवर मात्र परत कधी आला नाही. वर्षभराने माझी चांद्याला बदली झाली.

परवा मी आरमोरीला जाऊन आलो. त्याची बायको जनाबाई अंगणात सूत उकलत होती. मी सगळे सांगितले. तिचे हात थांबले नाहीत.

“मले मालूम आहे. त्याच दिवशी सांगतलं होतं त्यायनं.”

“मग मला कधी काही बोलले का नाहीत?”

“मी बी म्हटलं, जाऊन भांडा. तं म्हणे, गुरुजीची नोकरी जाईन. त्यायच्या घरी बी लेकरं आहेत.” मग तिनेच विचारले, “ते ओळ चांगली होती काय गुरुजी? मले त्यातलं समजत नाई.”

“फार चांगली होती,” मी म्हणालो.

तिथून शाळेत गेलो. व्हरांड्याच्या भिंतीवर ती ओळ निळ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलेली आहे. साहेबांना आवडली म्हणून मागाहून रंगवून घेतली असणार. खाली माझे नाव. नव्या हेडमास्तरांना मी म्हणालो, हे नाव पुसा, सोमाजीचे घाला. त्यांना वाटले मी विनयाने बोलतो आहे. “राहू द्या हो, शाळेला तुमचा अभिमान आहे,” म्हणत त्यांनी चहा मागवला. मी तो प्यायलो आणि बसमध्ये येऊन बसलो... नाव अजून तिथेच आहे.