गोजरबाईची हरणं

सणसरच्या गोजरबाईचा नवरा जोतीराम लढाईच्या आधी बोटीवर कोळसा टाकायला गेला, तो गेलाच. बोटीवरचा त्याचा सोबती, इंदापूरचा बिरदेव, परत आला आणि त्यानं तिला एकटीला सांगितलं, जोतीराम नॉर्वेत उतरलाय, तिथंच दुसरी बाई केलीय. गोजरबाई रडली नाही. बिरदेवला चहा पाजून तिनं त्या मुलखाची खडान् खडा माहिती काढून घेतली.

एकटीनं उभ्या केलेल्या पेरूच्या बागेत ती आम्हा पोरांना ही माहिती ऐकवायची, तीही दातओठ खात. "तितं थंडीत दोन-दोन म्हैनं सूर्व्या उगवत न्हाय. बसा म्हणावं अंधारात! उन्हाळ्यात मावळत न्हाय, आन् डास फोडून खात्यात." ससे पांढरे होतात म्हटल्यावर आम्ही हसायचो. हरणांवर मात्र तिचा फार जीव. "बरफ उकरून दगडफुलावानी कायतरी खात्यात. मादीलाबी शिंगं असत्यात. थंडीत नराची गळत्यात, मादीची ऱ्हात्यात. मग खायाच्या जागंवरनं ती त्याला हुसकून लावती."

बारा वर्षं पत्ता नसलेल्याचा पळसाच्या पानांचा पुतळा जाळतात. हिनं जिवंत नवऱ्याचा जाळला, दहावा घातला, कुंकू पुसलं आणि जमीन नावावर करून घेतली. बरं केलं.

सत्तावन सालच्या मार्गशीर्षात जोतीराम सकाळच्या यष्टीतून उतरला. तिकडची बाई मेली होती. ओट्यावर टेकत म्हणाला, "भाकर वाढ. बागंचं आता मी बघतो." लाज म्हणून नाही! भावकी त्याच्याच बाजूची. बायका तर कुंकवाचा करंडा घेऊन आल्या.

गोजरबाई आत गेली, भात शिजवला आणि पत्रावळ आणून समोर बागेच्या गडग्यावर, दगडी कुंपणावर ठेवली.

"ह्येंचा दहावा झालाय. कावळा शिवू द्या, मग घरात घेते."

बोलणं धर्माचं. सगळे गडग्याकडं बघत बसले. भात वाळला, ऊन कललं, कावळा काही येईना.

"मेल्याची बागंत विच्छा ऱ्हायली," कोणी म्हातारी पुटपुटली. जोतीरामनं कोटाची बटणं लावली आणि संध्याकाळची यष्टी धरली.

कावळा येणार कसा? भात चुलीवर ठेवून तिनं मागच्या दारानं येऊन आम्हाला पाखरं राखायला बसवलं होतं. बागेच्या चारी कोपऱ्यांना आम्ही गोफणी घेऊन बसलो होतो, आणि त्या दिवशी पोपटाकडं कोणी बघतसुद्धा नव्हतं.