नानांना ऐकू न आलेली टिकटिक

संगीत शाळेत नानांना सगळे 'कानवाले नाना' म्हणायचे. ते शिकवणाऱ्यांतले नव्हते आणि शिकणाऱ्यांतलेही नव्हते. सभागृहाच्या मागे एक चिंचोळी खोली होती, तिला समोर काच आणि दाराला आतून जाड गोधडी ठोकलेली. त्या खोलीत बसून नाना ध्वनिमुद्रण करायचे. वर्ष संपताना प्रत्येक विद्यार्थी मंचावर येऊन गायचा किंवा वाजवायचा आणि नाना ते टिपून घ्यायचे. आधी टेपवर, नंतर सीडीवर. भर कार्यक्रमात ते काचेआडून हात वर करायचे आणि माइकवरून सांगायचे. "थांबा. कुणाचं तरी घड्याळ वाजतंय." लोक एकमेकांकडे बघायचे, पिशव्या धुंडाळायचे आणि तिसऱ्या-चौथ्या रांगेतल्या एखाद्या आजोबांच्या खिशातून खरंच घड्याळ निघायचं. त्यावरूनच हे नाव चिकटलं. नाना वरवर कुरकुर करायचे, पण मनातून त्यांना ते आवडायचं.

निवृत्त झाल्यावर नाना घरीच असायचे. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. घरात राहायचे दोघंच, नाना आणि सूनबाई. भांडण कधी नव्हतं, पण बोलणंही फारसं नव्हतं. "चहा ठेवलाय," "येतो," "जेवायला बसताय?", "बसू या." एवढ्यात दिवस आटपायचा. सूनबाईचं काम घरूनच चालायचं. घरगुती यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारी ती फोनवर ऐकायची. आतल्या खोलीचं दार लोटून, कानाला हेडफोन लावून ती दिवसभर विचारायची, "आवाज कसा येतोय, सांगाल का? खडखड की घरघर? बरं, घरघर. कपडे फिरताना येतो की पाणी भरताना?" भिंतीपलीकडून नानांना हे ऐकू यायचं आणि हसू यायचं.

एके दिवशी शाळेच्या मुख्य बाई घरी आल्या. बाई एकेकाळी ह्याच शाळेच्या विद्यार्थिनी, आता सगळा कारभार त्यांच्याकडे. रिक्षातून त्यांनी खोक्यांवर खोकी उतरवून घेतली. सगळ्या सीड्या.

"नाना, ह्या आता धड वाजत नाहीत," बाई म्हणाल्या. "काहींवर चरे पडलेत, काहींचा मुलामा उडायला लागलाय. सगळ्यांच्या फाइली करून ठेवायच्यात. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला जीव धजत नाही."

नानांनी नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवसापासून ते टेबल मांडून बसले. सीडी हातात घ्यायची, ओलसर मऊ फडक्याने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसायची. गोल गोल पुसायची नाही. आडवा चरा यंत्र ओलांडून जातं, पण गोल चरा यंत्राच्या वाचायच्या गोल वाटेवरच पडतो आणि यंत्र भरकटतं. मग संगणकात सरकवायची, फाइल तयार झाली की ऐकायची, नाव घालायचं, पुढची घ्यायची. पहिलं खोकं संपलं तेव्हा त्यांनी मोठ्या समाधानाने फाइली बाईंना पाठवल्या.

बाईंचा फोन आला तो चाचरतच. "नाना, एक सांगू? रागावू नका. सगळ्यांत मधेमधे टिकटिक होतेय."

"तुमच्या स्पीकरचं असेल."

"दोन ठिकाणी लावून पाहिलं."

नाना रागावले नाहीत, पण त्यांना लागलं. अख्खी दुपार हेडफोन लावून त्यांनी एकेक फाइल पुन्हा ऐकली. कुठे काही नाही, आरशासारखी स्वच्छ. तरी बाईंच्या समाधानासाठी त्यांनी काही सीड्या पुन्हा उतरवल्या आणि पाठवल्या. बाईंनी कळवलं, टिकटिक आहेच.

त्या संध्याकाळी नानांनी हेडफोन बाजूला ठेवून स्पीकरवर एका मुलाची बासरी लावली होती. सूनबाई चहा घेऊन आली. कप ठेवून वळली आणि दारात थबकली.

"नाना, हे असंच आहे का? ही टिकटिक?"

"कुठली?"

"ही काय, आत्ता झाली. ही परत."

नानांनी स्पीकरकडे पाहिलं, मग तिच्याकडे. बासरी मजेत चालली होती. "हो, हो, ती ना," ते म्हणाले. "ती काढायचीच आहे."

ती गेल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं. संगणकावर नुसता सूर काढायची सोय होती. खालपासून सुरुवात करून सूर हळूहळू वर चढवायचा आणि पडद्यावरची सुई बघायची. नानांनी सूर लावला. घुमला, चढला, बारीक झाला, आणखी बारीक झाला आणि मग कुणीतरी दिवा मालवावा तसा बंद झाला. सुई मात्र नाचतच होती. सुई नाचत होती आणि खोलीत शांतता होती. नानांनी दोनदा तारा तपासल्या. तारा ठीक होत्या.

त्यांनी संगणक बंद केला, खोकी पायाने ढकलत पलंगाखाली सारली आणि बाईंना फोन केला, "तब्येत जरा नरमगरम आहे. काम थोडं लांबेल." सूनबाईलाही तेच सांगितलं. "कणकण वाटतेय. पडतो जरा."

पडून राहिलेला माणूस जेवत नाही, पेपर उघडत नाही, हे बघून दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई थर्मामीटर घेऊन आली, तो नव्या पद्धतीचा, वाजणारा. नानांनी तो जिभेखाली धरला. ती खिडकीशी उभी राहून पडदा सारखा करू लागली. थोड्या वेळाने थर्मामीटर वाजला. तिने मागे वळून पाहिलं. नाना डोळे मिटून, ओठ घट्ट आवळून तो धरून बसले होते. थर्मामीटर पुन्हा वाजला. नाना तसेच. अगदी शहाण्या मुलासारखे बसले होते, वाजायची वाट बघत.

पुढे येऊन तिने थर्मामीटर हळूच काढून घेतला.

"वाजू तरी दे," नाना म्हणाले.

"वाजून गेला, नाना."

नानांनी तिच्याकडे पाहिलं. मग खाली, पलंगाखालून डोकावणाऱ्या खोक्याकडे.

"ताप?"

"ताप नाही."

"नसणारच," ते म्हणाले. त्यांनी चादरीची घडी बोटाने दाबली. "ती टिकटिकही मला ऐकू येत नाही. बारीक आवाजच येत नाहीत. कधीपासून, देव जाणे. समोरचं झाड तोडलं तेव्हापासून इकडे एक पाखरू फिरकत नाही, असं मी ज्याला त्याला सांगत सुटलो होतो."

सूनबाई पलंगाच्या कडेवर टेकली. लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून ती नानांच्या पलंगावर कधी बसली नव्हती. "पाखरं आहेत, नाना," ती म्हणाली. "सकाळी नुसता उच्छाद मांडतात. मी झोपमोड झाली म्हणून मनातल्या मनात त्यांना शिव्या देते."

नाना हसायला लागले आणि हसता हसता त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. तिने खिडकीबाहेर बघण्याचं निमित्त केलं. ते सावरल्यावर म्हणाली, "मी दिवसभर काय करते, तुम्हाला माहीत आहे ना? लोक मला यंत्राचा आवाज सांगतात. मी तो कारागिराला सांगते आणि तो जाऊन दुरुस्त करतो. कारागिराने आवाज ऐकलेलाच नसतो. तसंच करू. मी ऐकते आणि सांगते. तुम्ही दुरुस्त करा."

"तुला गाण्याची आवड आहे?"

"गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. टिकटिक कळते."

रविवारी सकाळी खोकी पुन्हा टेबलावर आली. नानांनी एकच सीडी दोनदा उतरवली. "दोन्ही वेळा त्याच जागी टिकटिक झाली, तर खोट सीडीत," ते म्हणाले. "जागा बदलली, तर वाचणारं यंत्र अडखळतंय." सूनबाईने डोळे मिटून ऐकलं. टिकटिक झाली की बोट वर, की नाना पडद्यावर खूण करणार. दोन्ही वेळच्या खुणा शेजारी मांडल्या, तर एकीचा दुसरीशी मेळ नव्हता.

"म्हणजे यंत्रच," नानांच्या आवाजात किती दिवसांनी जोर आला. "मी त्याला धावत वाचायला लावत होतो. अडलं की ते मनानेच काहीतरी ठोकून देतं." त्यांनी वाचण्याचा वेग अगदी कमी केला. तरी थोडं उरलं, तेव्हा मुलाच्या जुन्या संगणकातलं यंत्र काढून जोडलं. सूनबाईने बासरी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. बोट मांडीवरच राहिलं.

"गेली," ती म्हणाली. नानांनी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला. दुसरा इलाज नव्हता, पण इलाज असता तरी ठेवला असता.

मात्र काही सीड्यांमध्ये दोष मुळातलेच होते. तिथे दोघांना भाषा जमवावी लागली. 'टिक' म्हणजे बारीक चरा. 'फट्' म्हणजे गायकाचा श्वास माइकवर आदळलेला. 'सूं' म्हणजे वायरीतून आलेली वीज. 'किर्र' आणि 'चिर्र' ह्यांवरून एकदा चांगलीच जुंपली.

"किर्र की चिर्र, नीट सांग."

"किर्र रातकिड्याचं, चिर्र कापड फाटल्याचं. हे मधलं आहे."

"मधलं असं काही नसतं."

"माझ्या नोकरीत असतं, नाना. काल एका बाईंचा फ्रिज मधलंच करत होता."

पडद्यावर लाटांसारखी रेघ दिसायची. सूनबाई म्हणेल तिथे नाना ती ताणून मोठी करायचे आणि लाटेतून काट्यासारखं वर आलेलं टोक सापडलं की हलक्या हाताने बसवायचे. कधी हात जड पडायचा. "नाना, आता बासरीला सर्दी झाल्यासारखी वाटतेय," ती म्हणायची, आणि नाना केलेलं सगळं मोडून पुन्हा करायचे. मधल्या चहाला ती तिच्या ग्राहकांचे किस्से सांगायची. नाना शाळेतले सांगायचे. जहाजावरून मुलाचा फोन आला, तर दोघं एकमेकांचं बोलणं तोडत त्याला सांगायला लागले. तो म्हणाला, "काय चाललंय काय तिकडे? मी चुकीच्या घरी फोन लावला का?"

शेवटच्या खोक्यात व्हायोलिनची एक सीडी निघाली. सूनबाईने बोट वर केलं आणि तसंच धरून ठेवलं. "ही किणकिण आहे. सारखी. सूर नव्याने सुरू झाला की होते." थोडं ऐकून म्हणाली, "बांगड्या आहेत, नाना." त्यांनी ती किणकिण काढून पाहिली, तर व्हायोलिनचा वरचा सगळा गोडवाही बांगड्यांबरोबर गेला. ती म्हणाली, सपाट झालं. नानांनी पुन्हा होतं तसं ठेवलं आणि वेष्टनावरचं नाव वाचलं. मुख्य बाईंचं होतं.

बाई काम न्यायला आल्या तेव्हा सूनबाईने ती फाइल लावून दाखवली. तिला वाटलं होतं, बाई हरखून जातील. बाईंनी कपाळाला हात लावला.

"ह्या बांगड्या काढा, नाना, कृपा करा. त्या दिवशी तुम्ही काढायला सांगितल्या होत्या आणि त्या निघेनात. साबण लावून पाहिला. तुम्ही काचेआडून असे बघत होतात, की मी मधली एक पूर्ण ओळ विसरले."

"मी?"

"नाहीतर कोण?"

नानांना त्यातलं काहीच आठवत नव्हतं. ते ओशाळून हसले. "काढता येत नाहीत, बाई. सूरही जातो. राहू द्या. मला तर त्या ऐकूच येत नाहीत, मी आता कुठल्या तोंडाने रागावू?"

बोलून गेल्यावर त्यांना कळलं, आपण काय बोललो ते. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग सूनबाईकडे. "पहिल्या फाइली..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

"हो," नाना म्हणाले. "नंतरचं सगळं हिने ऐकलंय. माझे फक्त हात."

बाईंनी खुर्ची नानांच्या जवळ ओढली. शाळेत असताना त्या नानांसमोर कधी बसल्या नव्हत्या, उभ्याच राहायच्या. "नाना," त्या नेहमीपेक्षा जरा मोठ्याने म्हणाल्या, "कान दाखवून या. माझ्यासाठी तरी."

"ओरडू नका, बाई. मोठा आवाज येतो मला," नाना म्हणाले, आणि तिघंही हसली.

सूनबाईने रजा काढली आणि त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, हे तुमच्या कधी लक्षात आलं? "माझ्या नाही, हिच्या आलं," नाना म्हणाले. पुढच्या खेपेला कानामागे बसणारी दोन इवलीशी यंत्रं मिळाली. ती लावून नाना दवाखान्याच्या पायऱ्या उतरले आणि फुटपाथवर उभेच राहिले.

"हे काय वाजतंय?"

"तुमच्या हातातली पिशवी."

ते चार पावलं चालले. "आणि हे?"

"तुमची चप्पल. ती नेहमीच वाजते."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"बोलत कुठे होतो आपण?"

नानांनी मान डोलावली. पुढे एका दुकानाची फळी, एका सायकलची साखळी, एका बाईच्या जुडग्यातल्या किल्ल्या. प्रत्येकापाशी ते थांबायचे, विचारायचे, आणि सूनबाई सांगायची. समोरून त्यांची बस येऊन निघूनही गेली. तिने हात केला नाही. कोपऱ्यावरच्या तारेवर बसून काहीतरी चिवचिवत होतं. नानांनी मान वर केली आणि ह्या वेळी विचारलं नाही. ती त्यांच्या हातातली पिशवी घेऊन बाजूला उभी राहिली, त्यांचं ऐकून होईपर्यंत.