गौतमला कोण घेईल

"बुद्ध झाले ना तुम्ही? मंग या पोट्ट्याले ध्यान शिकव. चूप तरी राहीन."

गुरुजी बोलले अन् अख्खा वर्ग हसला. मीही हसले. न हसून जाणार कुठं?

आदल्या वर्षी आमच्या वस्तीनं धम्म घेतला होता. बोरी अरबच्या बाजूला आमचं गाव. मी तेरा वर्षांची, चौथीत. माय कापूस वेचायला गेली की आठ महिन्यांचा भाऊ, गौतम, माझ्या कडेवर. मला वर्गाबाहेर ओसरीत बसवायचे. तिथून फळा अर्धाच दिसायचा.

दुसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब येणार होते. गुरुजी म्हणाले, "कविता तुलेच म्हणायले लावतो. पण हे रडलं तं घरी जाजो. अफू चाटव त्याले. तुमच्यात चाटवतेतच."

चाटवायचे, हे खरं. वेचणीच्या दिवसांत बाया तान्ह्यांना मोहरीएवढी द्यायच्या. मायनं गौतमला कधी दिली नव्हती. मी शेजारणीच्या डबीतून घेतली. मोहरीएवढी म्हणजे केवढी, बोटाला कळलं नाही.

त्याला ओसरीत निजवून आत गेले, कविता एकही ओळ न चुकता म्हटली. साहेबांनी शाबासकी दिली. बाहेर आले. गौतमचे ओठ निळे.

तांड्यावरची एक बंजारा बाई दळण घेऊन चालली होती. डोक्यावरचं दळण टाकून तिनं त्याचे तळवे घासले, तोंडावर पाणी मारलं, त्याला उराशी धरून मायच्या वावराकडे धावली. वावर येईस्तोवर तो गेला होता. ती मला रागावली नाही. एवढंच म्हणाली, "माहा रोजचा रस्ता हाच हाय, बाई. माह्यापाशी द्याचं होतं."

तोवर असं मला कुणी म्हटलंच नव्हतं.

आठ दिवसांनी गुरुजी घरासमोर उभे. "आता तं मोकळी झाली तू. शाळेत येत जा."

"मी येत नाही, गुरुजी. तो माहा भाऊ होता."

शाळा तिथंच सुटली. अफू मी दिली, हे मायला गौतम गेला त्याच दिवशी सांगितलं. ती द्यायला कुणी लावलं, हे आज लिहिते आहे.

आता घरापासून लांब, एका कापडगिरणीच्या पाळणाघरात आया आहे. या भाकरीचे उपकार विसरत नाही. ती जाईल या भीतीनं घास उतरत नाही, हेही खरं. परवा एक पोरगी आली. हातात दप्तर, कडेवर बहीण. पाळणाघराच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "गिरणीतल्या बायांचीच मुलं घ्यायची."

मी तिची बहीण घेतली. उद्याही घेईन. बाईंना सांगून टाकलं, काढायचं तर मला काढा. फाटकाबाहेर बसून सांभाळीन, पण ही पोरगी शाळेत जाईल.