नारळाचा मान

उचगावच्या पलीकडच्या त्या गावात चिमणाबाईचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. बायकांची भांडणं सरपंचाकडं जायच्या आधी तिच्या सोप्यात मिटायची. आणि सरपंच तरी कोण? तिच्याच भावाचा विजयसिंह. आई गेल्यावर आत्तीनंच त्याला लहानाचा मोठा केलेला.

गटारातनं गेलेली पाण्याची पाइपलाइन फुटली होती. पंचायतीत सांगून सांगून बायकांच्या तोंडाला फेस आला, पण 'बघतो'च्या पुढं गाडी सरकेल तर शप्पथ! मग काविळीची साथ आली आणि चिमणाबाईची पोटुशी सून, निशिगंधा, त्यात गेली.

बायका पेटल्या. पंचायतीला कुलूप घालायला निघाल्या. तेव्हा विजयसिंहानं आत्तीचे पाय धरले. आत्ताच चौकशी लावली तर काम रखडेल, आणखी लेकीबाळी जातील, म्हणाला. आधी पाणी सुधारू, मग हयगय कुणी केली ते भर ग्रामसभेत नावानिशी सांगतो, अशी जोतिबाची आण घेतली. खोटं कशाला बोला, त्यात तथ्य होतं. चिमणाबाईनं पंचायतीच्या दारातनं बायकांना माघारी वळवलं.

पाइपलाइन झाली, झकास झाली. नारळ फोडायचा मान विजयसिंहानं आत्तीला दिला. भांडणातल्या माणसानं मानाचा नारळ फोडला की भांडण मिटलं, हे त्या गावातलं शेंबडं पोरही जाणतं. पण भाच्यानं आण घेतली होती ना! सुनेचं नाव घेऊन तिनं नारळ फोडला आणि डोळे पुसत पहिली घागर भरली. भोळी गं बाई, भोळी!

ग्रामसभेत ती उठली. म्हणाली, "विजू, पाणी आलं. आता नाव सांग."

विजयसिंहानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. सभेला म्हणाला, "नारळ आत्तीच्याच हातनं फुटलाय की. मिटलेलं उकरून काय मिळणार हाय?" आणि ग्रामसेवकाला पुढचा विषय घ्यायला सांगितलं.

पोटच्या पोरागत वाढवलेल्यानं केसानं गळा कापला. चिमणाबाईच्या अंगाची लाही लाही झाली. तिनं मागं वळून बायकांकडं बघितलं. एकही उठली नाही. शेजारची बाळाबाई तेवढी बसल्या जागेवरनं बोलली, "तुज्या शब्दावर आमी गप बसलो गं. आता कुणाच्या शब्दावर उठू?"

ग्रामसेवक पुढचा विषय वाचायला लागला. भरल्या सभेत चिमणाबाई एकटीच उभी होती.