गळ्यातलं कार्ड

मी कामावर परतून पंधरा दिवस झाले होते. माझ्या नऊ महिन्यांच्या मुलीने एका सकाळी खिमटाच्या वाटीपुढे तोंड मिटलं, ते मिटलंच. मी चमचा बदलला, तूप वाढवलं, मग चिडले. सासूबाई म्हणाल्या, दात येत असतील. डॉक्टर म्हणाले, "वजन उत्तम आहे. तुम्ही जेवलात का?" मला त्यांचाही राग आला.

हिंजवडीला जाणारी कंपनीची बस पावणेआठला कोपऱ्यावर यायची, म्हणून मी तयार होऊन, ऑफिसचं कार्ड गळ्यात अडकवूनच भरवायला बसायचे. शनिवारी सुट्टी होती, गाऊनवरच भरवायला बसले, तर तिने सगळी वाटी संपवली. सोमवारी पुन्हा तोंड घट्ट. या वेळी मी नीट पाहिलं. ती चमच्याकडे बघतच नव्हती, कार्डाकडे बघत होती. वाटी संपली की हे कार्ड दाराबाहेर जातं, एवढं तिला कळलं होतं.

मी कार्ड काढून पर्समध्ये टाकलं. तिने लगेच आ केला.

शेवटचा घास चिऊचा म्हणून भरवला, तोंड पुसलं, तिला सासूबाईंकडे दिलं आणि जिन्यात कार्ड पुन्हा गळ्यात घातलं. त्या दिवशी बस चुकली असती तर बरं वाटलं असतं. ती मिळाली.